मारुतीच्या कमरेपर्यंत

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी माझे वडील त्यांच्या दुकानाच्या पायरीवर पाण्यात पडले आणि त्यांचा डावा खुबा मोडला. त्या वेळी गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीच्या वर होतं. वडिलांच्या सांगण्याप्रमाणे ते मांड्यांना होतं. दोन्ही गोष्टी मी तासाभराच्या आत फोनवर ऐकल्या होत्या.

दुतोंड्या मारुती म्हणजे रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच उभी असलेली, दोन्ही बाजूंना तोंड असलेली उंच मूर्ती. नाशिकमध्ये पुराची चौकशी या मूर्तीवरून होते. धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे बातमीत छापून येतं, पण वाचक फोन करतो तेव्हा विचारतो, "कुठवर आलंय?" आणि उत्तर शरीराच्या भागांत दिलं जातं. घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. मी ज्या दैनिकात काम करतो तिथे डेस्कवर एक अलिखित नियम आहे. कमरेला पाणी लागेपर्यंत "पाणीपातळीत वाढ" असं लिहायचं, कमरेला लागलं की "पूर". हा नियम कोणी घालून दिला हे सांगू शकेल असा माणूस आता डेस्कवर नाही.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. त्यांचं दुकान घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. कापूर, वाती, उदबत्त्या, जानवी, तांब्याच्या पळ्या, आणि यात्रेकरू घरी नेतात ते गंगेच्या पाण्याचे बंद गडू. दुकानातून मारुती दिसत नाही. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेलं की दिसतो. पाणी वाढायला लागलं की नाना कोपऱ्यावर जाऊन पाहून यायचे. गुडघ्याला असेल तर गादी उचलायची. कमरेला असेल तर खालच्या फळ्या रिकाम्या करायच्या. छातीला आलं की शटर ओढून निघायचं. त्यांनी दुकान सुरू केलं तेव्हापासून हे असंच चालत होतं आणि त्यांचा अंदाज चुकल्याचं आम्हाला आठवत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांना काचबिंदू असल्याचं निदान झालं. निदान उशिरा झालं. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवता येईल. दोन्ही डोळ्यांत खालच्या बाजूचा बराच भाग गेला होता. ताईने, माझ्या मोठ्या बहिणीने, विचारलं, मग त्यांना तिथे काळं दिसतं का? डॉक्टर म्हणाले, नाही, म्हणूनच रुग्णाला कळत नाही. जिथे दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं पाहून जागा भरून काढतो. माणसाला वाटतं, सगळं दिसतंय.

नाना बाहेर येऊन म्हणाले, "मला सगळं दिसतंय."

त्यानंतर घरात एकच प्रश्न होता. नानांनी दुकानात एकट्याने बसायचं की नाही. आई गेल्यानंतर पंचवटीतल्या घरात आम्ही तिघंच राहत होतो: नाना, ताई आणि मी. ताई एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवते. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडलो की नाना रिक्षाने दुकानात जात. ते गेले नसते तर दिवसभर घरात बसले असते. हे त्यांनी आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. "घरी बसवणार असाल तर आधी सांगा. फोटोला हार आणून ठेवतो. बाकीचा माल दुकानात आहे."

जुलैमधल्या एका रविवारी सकाळी ताई स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्या नव्या विषयाची तयारी करत होती. विषय होता फझी सेट. पुस्तकात त्याला अस्पष्ट संच म्हणतात. ते नाव तिला पसंत नव्हतं, कारण त्यात अस्पष्ट असं काही नसतं, असं तिचं म्हणणं होतं. पहिल्या तासाला मुलांना दाखवायला तिने माझ्याकडून पुराचा एक जुना फोटो मागून घेतला होता. फोटोत मारुती होता आणि पाणी त्याच्या कमरेच्या किंचित खाली होतं. नाना समोर बसून गवार निवडत होते. शेंगा ते बोटांनी चाचपून मोडत.

"हा पूर आहे का?" ताईने मला विचारलं.

"आमच्याकडे नाही. पाणीपातळीत वाढ."

"आणि बोटभर वाढलं तर?"

"मग पूर."

"एका बोटाने?"

"डेस्कला कुठेतरी रेघ मारावीच लागते."

"याच्या पेपरात मारुती दर वर्षी कमरेतून मोडतो," नाना म्हणाले.

ताई म्हणाली, शाळेत संच शिकवतात तो असा असतो. वस्तू संचात आहे किंवा नाही. आत असेल तर एक, बाहेर असेल तर शून्य. सम संख्यांचा संच घेतला तर चार आत, पाच बाहेर, वाद नाही. पण "पूर" हा तसा संच नाही. घोट्याला लागलेलं पाणी पुरात थोडं आहे. गुडघ्याचं त्याहून जास्त. कमरेचं अर्धं, छातीचं बरंच, डोक्यावरून गेलं तर पूर्ण. मग प्रत्येक पातळीला शून्य ते एकमधला एक आकडा द्यायचा. घोट्याला पॉइंट एक, गुडघ्याला पॉइंट दोन, मांड्यांना पॉइंट चार, कमरेला पॉइंट पाच, छातीला पॉइंट आठ. हा आकडा म्हणजे त्या पातळीचं पूर या संचातलं सदस्यत्व. पाणी चढत जातं तसा आकडा चढत जातो, आणि मध्ये कुठेही ती एका बोटाची उडी येत नाही.

"हे आकडे कोणी ठरवले?" मी विचारलं.

"मी. आत्ता. सटाण्याच्या माणसाने वेगळे ठरवले असते, त्याच्याकडे मारुतीच नाही. आकडे कोण आणि कशासाठी ठरवतंय त्यावर असतात. पण एकदा ठरवले की मग हिशोब काटेकोर."

"म्हणजे कमरेला पाणी असलं की पूर येण्याची शक्यता पन्नास टक्के," मी म्हणालो.

"नाही. हीच चूक सगळे करतात. वर्गातही पहिल्या दिवशी हेच होणार." तिने फोटो माझ्याकडे सरकवला. "उद्या पूर येण्याची शक्यता पन्नास टक्के असं म्हटलं, तर उद्या कळेल. आला किंवा नाही आला. शक्यता संपली. इथे पाणी समोर आहे, कमरेला आहे असं धर, मोजून घे हवं तर. उद्यावर ढकललेलं काहीच नाही. तरी ते पुरात अर्धंच आहे. शंका पाण्याबद्दल नाही. पूर या शब्दाची कड किती रुंद आहे त्याबद्दल आहे."

"आणि उरलेलं अर्धं?" नानांनी विचारलं.

"ते पूर नसण्यात. एकातून पॉइंट पाच वजा केले की पॉइंट पाच. कमरेचं पाणी पूरही आहे आणि नाहीही, दोन्ही सारखंच. शाळेतल्या संचात हे चालत नाही. इथे चालतं."

नानांनी शेंगांचं ताट बाजूला केलं. "मग मला सांग. मी डोळस का आंधळा?"

ताईने पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "दोन्ही, नाना. थोडे थोडे."

"थोडा थोडा आंधळा. गल्लीत सांगून ये. धंदा वाढेल."

यानंतरचं बोलणं त्या फोटोसमोरच झालं, पण विषय पूर नव्हता. दुकानातलं एकेक काम नानांना किती जमतं, हे ताईने विचारायला सुरुवात केली आणि नाना उत्तरं देत गेले.

"माल ओळखणं?"

"एक."

"गिऱ्हाइकाशी बोलणं?"

"दीड."

"एकाच्या वर जात नाही."

"तुझ्या कॉलेजात जात नसेल."

"रस्ता ओलांडणं?"

"रिक्षावाला दारात सोडतो."

"तो प्रश्न नाही. पॉइंट तीन धरू?"

"धर."

"दुकानाची पायरी उतरणं?"

"माझी पायरी आहे ती. मी चुकलो तरी ती मला धरेल."

ताईने पॉइंट चार धरले. मी म्हणालो की सगळ्यांची सरासरी काढली तर चांगली येते. ताईने मान हलवली. दुकानात एकट्याने बसायला हे सगळं एकाच वेळी जमायला लागतं, ती म्हणाली. हे आणि ते आणि तेही. "आणि"ने जोडलेल्या गोष्टींचं सदस्यत्व काढताना सर्वांत लहान आकडा घेतात. एक चांगली गोष्ट दुसरी वाईट गोष्ट भरून काढत नाही. उत्तर पॉइंट तीन.

नाना म्हणाले, "एकटा कुठे आहे मी? शेजारी अत्तरवाले आहेत की. रस्ता, पायरी, पाणी, सगळं मला दिसेल किंवा त्यांना दिसेल. 'किंवा' असलं तर काय धरतात तुमच्यात?"

"'किंवा' असलं तर मोठा आकडा," ताई म्हणाली.

"मग झालं. त्यांचे डोळे एक आहेत. एक धर."

अत्तरवाले म्हणजे नानांच्या दुकानाला लागून असलेल्या अत्तर-उदबत्तीच्या दुकानाचे मालक, नानांच्याच वयाचे. ते नानांना सकाळी रिक्षातून उतरवून घेत आणि दुपारी बसवून देत. नानांचं म्हणणं गणिताला धरून होतं आणि ताईने ते तसं मान्य केलं. मग तिने एक अट घातली. आकडे कितीही बारीक असले तरी शेवटी निर्णय हो किंवा नाही असाच करावा लागतो. त्यासाठी एक पातळी ठरवतात आणि तिच्या वरचं सगळं आत धरतात. याला छेद म्हणतात. ती म्हणाली, आपण छेद ठरवू.

"कमरेला," नाना म्हणाले. "कमरेला पाणी लागलं की मी उठलो. फळ्या रिकाम्या करणं नाही, काही नाही. शटर ओढीन, रिक्षात बसेन. तुझ्या पॉइंट पाचला. बास?"

"छातीची वाट बघायची नाही."

"कमरेला म्हटलं ना."

ताईने मान्य केलं. मीही केलं. इतकी वर्षं ते छातीला पाणी येईपर्यंत थांबत आले होते आणि आता कमरेला निघणार होते, त्यामुळे अट आधीपेक्षा सुरक्षित होती. पाणी कमरेला लागलं हे कोण पाहणार, याची चर्चा त्या सकाळी झाली नाही. फोटोतल्या मारुतीच्या कमरेवर ताईने पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली आणि तो फोटो पिशवीत ठेवला. सोमवारी तिचा पहिला तास होता. तो ठीक झाला, असं तिने संध्याकाळी सांगितलं. शक्यतेची चूक वर्गात पहिल्या पाच मिनिटांत झाली.

ऑगस्टच्या त्या आठवड्यात त्र्यंबककडे पाऊस लागून राहिला होता. शनिवारी सकाळी गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि दुपार होईपर्यंत तो आणखी वाढवला. मी डेस्कवर होतो. बाराच्या सुमारास नानांना फोन केला.

"कुठवर आलंय?"

"गुडघ्याच्या वर. मांड्यांना म्हण. आत्ता कोपऱ्यावर जाऊन आलो."

"दिसलं नीट?"

"दिसलं की. तुझा फोटोग्राफर पाठव, तोही हेच सांगेल."

फोटोग्राफर घाटावरच होता. नानांचा फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने त्याचा फोन आला. पाणी छातीला होतं आणि चढत होतं, घाटावरची दुकानं रिकामी झाली होती, पोलीस लोकांना मागे हटवत होते. मी त्याला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "छातीला. फोटो पाठवतो." फोटो आला. पाणी छातीच्या वर होतं.

मी नानांना पुन्हा फोन केला. त्यांनी उचलला नाही. अत्तरवाल्यांना केला. त्यांनी लगेच उचलला. मागे वाजंत्री वाजत होती.

"मी मालेगावला आहे, बेटा. भाचीचं लग्न आहे. नाना दुकानात आहेत?"

"फोन उचलत नाहीत."

"मी काल बोललो होतो त्यांना, दुकान बंद ठेवा म्हणून. थांब. भांड्यांच्या दुकानातल्या पोरांना सांगतो."

मालेगावला जाणार असल्याचं त्यांनी नानांना शुक्रवारी सांगितलं होतं. नानांनी घरी ते सांगितलं नव्हतं.

पुढचं मी नंतर त्या भांड्यांच्या दुकानातल्या दोन कामगारांकडून विचारून घेतलं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि तपशील जुळले. गल्लीत पाणी नदीकडून आलं तसंच गटारातूनही वर आलं. ते दोघं पोहोचले तेव्हा गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी होतं. नाना दुकानात स्टुलावर उभे होते आणि खालच्या फळीवरचे वातींचे पुडे वरच्या फळीवर ठेवत होते. म्हणजे कमरेच्या पाण्याला करायचं काम. फळ्या रिकाम्या करायच्या नाहीत, असं त्यांनी जुलैमध्ये कबूल केलं होतं. फोन गल्ल्यावर वाजत होता. कामगारांपैकी एक म्हणाला, "नाना, चला लवकर, मारुती बुडाला." नाना म्हणाले, "काय बुडाला? मांड्यांना पाणी आहे. मी बघून आलो." ते स्टुलावरून उतरले, शटरकडे आले, आणि एका कामगाराने हात पुढे केला असताना त्यांनी पायरीवर पाय टाकला. पायरी पाण्याखाली होती. पाय तिच्या कडेवर पडला आणि ते डाव्या अंगावर कोसळले. दोघांनी त्यांना उचलून वरच्या रस्त्यापर्यंत नेलं आणि रिक्षात घातलं. नाना विचारत होते, शटर ओढलं का? शटर ओढलेलं नव्हतं.

रुग्णालयात ताई माझ्या आधी पोहोचली होती. तिला मी फोटोग्राफरचा फोटो दाखवला. तिने तो पाहिला आणि परत दिला. संध्याकाळी नानांना वेदनाशामक दिल्यावर ते शांत पडून होते. ताईने विचारलं, "नाना, कोपऱ्यावरून नक्की काय दिसलं?"

"मारुती."

"किती?"

"सगळा. मांड्यांपर्यंत. मांड्या दिसल्या मला, गं. पाणी त्यांच्याखाली होतं."

"बरं."

"खोटं कशाला बोलू?"

"खोटं नाही म्हणत मी."

सोमवारी ताईने काचबिंदूच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं की पाण्याखालच्या मांड्या दिसल्या, असं होऊ शकतं का. डॉक्टर म्हणाले, जी जागा माणसाला पाठ असते तिथे असं वाटू शकतं, खात्रीने सांगता येणार नाही. ताईने मला एवढंच सांगितलं. नंतर एकदा जेवताना ती म्हणाली, "नियम बरोबर होता. 'किंवा' मात्र उरलाच नव्हता. दोघांतला एक मालेगावला होता." तिने ताट उचललं.

अत्तरवाले रविवारी लग्नातून थेट रुग्णालयात आले होते. अंगावर लग्नातलेच कपडे होते. ते नानांच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "मी बोललो होतो ना, बंद ठेवा." नाना म्हणाले, "तुम्ही जेवून आलात का?" ते म्हणाले, "जेवण कुठे, तुमच्या पोराचा फोन आला." नाना म्हणाले, "मग वऱ्हाडाने शिव्या घातल्या असतील मला." अत्तरवाले हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळे पुसले.

शस्त्रक्रिया झाली. नाना वॉकर धरून घरातल्या घरात चालायला लागले, तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. दुकानातला बराच माल चिखलात गेला होता. तांब्याची भांडी आणि गडू तेवढे धुऊन घेता आले. जानेवारीत नानांनीच अत्तरवाल्यांना बोलावून दुकान भाड्याने घ्यायला सांगितलं. आम्ही दोघं त्या वेळी घरी होतो. आम्हाला त्यांनी आधी काही विचारलं नव्हतं. अत्तरवाल्यांनी मधली भिंत न पाडता दुकान घेतलं. आता तिथे त्यांचा पुतण्या बसतो. फळ्या त्याच आहेत.

मार्चमध्ये पुन्हा तपासणी झाली. नजर आणखी कमी झाली होती. या वेळी नाना बाहेर येऊन काही म्हणाले नाहीत.

ताई तोच विषय याही वर्षी शिकवते आहे. मारुतीचा फोटो तिने वापरला का, हे मी विचारलेलं नाही. फोटो तिच्या पिशवीत आता नसतो.

यंदा जुलैमध्ये पाणी पहिल्यांदा वाढलं तेव्हा सकाळची वेळ होती. ताई पुलावरून घरी आली. नाना खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते.

"कुठवर आलंय?" त्यांनी विचारलं.

"गुडघ्याला."

"कोणी पाहिलं?"

"मी पाहिलं, नाना."

"कुठून?"

"पुलावरून. थांबून पाहिलं."

नाना म्हणाले, "अत्तरवाल्यांना फोन कर. पोराला म्हणावं, गादी उचल."

ताईने फोन केला. पुतण्याने गादी उचलली. संध्याकाळी मी डेस्कवरून बातमी सोडली तेव्हा पाणी गुडघ्याला होतं. बातमीत "पाणीपातळीत वाढ" असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घोट्याच्या खाली गेलं.